कट केला म्हणजे ठीक

“ताई, आज कशालाच हात लावू नका. बटणं बदललीत.”

सकाळी गाडीत बसता बसता हे वाक्य कानावर पडलं की माझं डोकंच फिरायचं. अहो, मी कशाला लावू तुमच्या स्टिअरिंगला हात? पण सावध केल्याशिवाय भाऊंना चैन पडायची नाही. मग डाव्या अंगठ्यानं सगळी बटणं चाचपायची, मान हलवायची आणि त्यांच्या अहिराणीत स्वतःशीच म्हणायचं, “आते बरोबर शे,” आता ठीक आहे. आठवडा जात नाही तोच बटणं पुन्हा बदललेली.

आम्ही चौघं जळगाव-धुळे अप-डाउन करायचो. तुम्हीही नोकरीपायी केलं असेल तर तुम्हाला सांगायला नको, रोजच्या त्या दोन-अडीच तासांत माणूस त्याच्या घरच्यांना कळत नाही इतका आपल्याला कळतो. भाऊ आमच्याच ऑफिसातले. गाडी त्यांची, चालवायचेही तेच. मागे दोघे सहकारी, एक झोपाळू आणि एक जुन्या गाण्यांचे शौकीन. मी पुढे, कारण मागे बसलं की मला मळमळतं.

एका जागी स्वस्थ बसणं भाऊंच्या स्वभावातच नव्हतं. पारोळ्याला चहा घ्यायचे तो उभ्याउभ्या, आणि तेवढ्यात टपरीवाल्याच्या बरण्या इकडच्या तिकडे करून टाकायचे. तो बिचारा आमची गाडी निघाली की परत लावत बसायचा. ऑफिसात स्वतःचं टेबल त्यांनी इतक्या वेळा फिरवलं की आमचा शिपाई सकाळी आधी भाऊ कुठल्या भिंतीला आहेत ते शोधायचा. मी एकदा वैतागून म्हटलं, भाऊ, तुम्ही झोपेत तरी एका कुशीवर राहता का? तर म्हणाले, वहिनींना विचारा.

पण एरंडोल मागे पडलं की त्यांची ही चुळबुळ वाढायची. कारण तिथून पुढे कुठंतरी त्यांच्या आईचा फोन यायचा.

आई चोपड्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात एकटी राहायची. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं. ती रोज रिंग द्यायची आणि भाऊ ती कट करायचे. बस्स, एवढंच. कट केला म्हणजे मुलगा ठीक आहे, हे तिला कळायचं. मग ती कामाला लागायची.

मी म्हटलं, अहो, आता बोलायला वेगळे पैसे पडत नाहीत, दोन शब्द बोला की आईशी. भाऊंनी काच खाली केली, पुन्हा वर केली. मग त्यांनी सांगितलं. वडील मोटरसायकलवर बाजाराला गेले होते. परतायला उशीर झाला म्हणून आईनं फोन लावला, तर उचलला भलत्याच माणसानं. वडील रस्त्याच्या कडेला पडले होते आणि जीव आधीच गेला होता. तेव्हापासून पलीकडून कुणी फोन उचलला की तिला तोच आवाज आठवतो. “तू उचलू नको, कट कर,” तिनं भाऊंना बजावलं होतं. “परका माणूस उचलतो. कट केला म्हणजे बोट तुझं.”



जुन्या गाडीत हे सोपं होतं, फोन समोर ठेवलेला असायचा. पण एकदा फोनकडे बघण्याच्या नादात भाऊंची गाडी ट्रकच्या अगदी जवळ गेली, आणि घरी वहिनींनी शपथ घातली, की चालवताना फोनला हात लावायचा नाही. मग त्यांनी ही स्टिअरिंगवर बटणं असलेली सेकंडहँड गाडी घेतली. फोन खिशात, आवाज गाडीच्या स्पीकरवर. फक्त घोटाळा एवढाच, की फोन घ्यायचं आणि कट करायचं बटण एकमेकांना चिकटून होतं.

व्हायचं तेच झालं. पहिल्याच दिवशी अंगठा चुकला, फोन उचलला गेला. गाडीभर अक्कांचा आवाज घुमला, “काय व्हयनं रे?” काही नाही झालं, असं भाऊ परोपरीनं सांगत होते. पण काही झालं नाही तर उचललास कशाला, हेच अक्का परत परत विचारत होत्या. आम्ही धुळ्याला पोचेपर्यंत दोंडाईच्याच्या मेव्हण्याचा, भुसावळच्या चुलतभावाचा, सगळ्या भाऊबंदांचा फोन येऊन गेला. आम्ही हसून हसून बेजार. भाऊ मात्र दिवसभर जेवले नाहीत.

तिथून सुरू झालं ते बटणांचं. जळगावच्या एका दुकानात त्यांनी नवा स्टिरिओ बसवून घेतला. त्याला म्हणे शिकवता येतं, कुठल्या बटणानं काय करायचं ते. झालं, भाऊंना हेच हवं होतं. आज आवाज वाढवायच्या बटणावर कट, उद्या पुढच्या गाण्याच्या बटणावर. चित्र एकाचं, काम दुसऱ्याचं. मागचे शौकीन कधी म्हणाले की जरा हे गाणं राहू द्या, की हमखास रेडिओवरचा बाजारभाव लागायचा. झोपाळू सहकारी दचकून उठायचे आणि विचारायचे, आलं का धुळं?

शेवटी एकदा मनासारखं जमलं. सगळ्यात मोठ्या बटणावर कट. न बघता समजावं म्हणून त्यावर वहिनींची टिकली चिकटवलेली. आणि फोन घ्यायचं काम कुठल्याच बटणाला दिलेलं नाही. ते लागतंच कशाला, असं भाऊ म्हणाले. चूकच व्हायला नको. त्यानंतर कित्येक महिने बटणं बदलली नाहीत, आणि मलाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

मग ती सकाळ. एरंडोल सोडलं, रिंग आली, भाऊंनी कट केली. “आते बरोबर शे.” लगेच पुन्हा रिंग. त्यांनी पुन्हा कट केली आणि हसले, मायचं बोट अडकलं वाटतं म्हणाले. तिसऱ्यांदा वाजलं तेव्हा कुणीच हसलं नाही. अक्का दुसऱ्यांदा कधी रिंग देत नसत.

भाऊंचा अंगठा सगळ्या बटणांवरून धावायला लागला. आवाज वाढला, गाणं बदललं, बाजारभाव लागला, पण फोन घेईल असं एकही बटण त्या चाकावर नव्हतं. त्यांनी गाडी कडेला घेतली. खिशातून फोन काढेपर्यंत रिंग थांबली होती.

त्यांनी उलटा फोन लावला. उचलला शेजारणीनं. अक्कांना अंगणात लकवा मारला होता. पहिली रिंगसुद्धा शेजारणीनंच लावली होती, कारण अक्कांना शुद्ध होती आणि त्या सारख्या म्हणत होत्या, पोराला फोन लाव, मला बोलायचंय. आता जीभ वळत नव्हती.

आम्ही तशीच गाडी धरणगावमार्गे चोपड्याला घेतली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, तेवढ्या वेळानं उपचारात काही फरक पडला नसता. पण भाऊंना उपचाराचं पडलंच नव्हतं. बाहेरच्या बाकावर ते पहिल्यांदाच न हलता बसले होते. म्हणाले, “ताई, कट करणारं बोट माझं, हे तिला कळायचं. रिंग देणारं बोट कुणाचं, हे मला कुठं कळत होतं?” मला रडू आवरलं नाही. 

अक्का वाचल्या. पण बोलणं गेलं ते गेलंच. भाऊंनी लांब रजा टाकली आणि गावीच राहिले. आमची गाडीची सोबत मोडली. आम्ही एसटी धरली.

काही महिन्यांनी मी भेटायला गेले. अक्का खाटेवर, भाऊ शेजारी. दारातच वहिनी हळूच म्हणाल्या, हे धड खात नाहीत, दिवसभर तिला विचारत बसतात. माझ्यादेखतही तेच चाललं होतं. माय, त्या दिवशी वावराचं सांगायचं होतं का? बहिणीचं काही? बाबांचं? अक्का नुसत्या बघत राहायच्या, आणि हे पुढचा प्रश्न काढायचे. मला ते बघवेना.

निघताना त्यांनी मलाच विचारलं. “तुम्ही पण आई आहात. तुम्हीच सांगा, काय म्हणायचं असेल?”

मी चिडले. खरंच चिडले. म्हटलं, आईला काय म्हणायचं असतं? जेवलास का, एवढंच असतं.

भाऊ तसेच मागे वळले. मग खाटेवर वाकले आणि म्हणाले, “माय, मी जेवनू का, हाईच इचारानं व्हतं का तुले?”

अक्कांचा अर्धा ओठ हलला, आणि चालणारा हात उचलून त्यांनी भाऊंच्या पोटावर ठेवला.

भाऊ उठले. आतून स्वतःच ताट वाढून आणलं आणि तिच्यासमोर बसून सगळं जेवले.