चपटी झालेली जॅकेटं

धरणाचं पाणी भरल्यापासून आमच्या गावची बरीच शेतं नदीपलीकडे पडली. धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, आम्ही बाया माझ्या मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, नावेतून जातो. नावेत बारा लाइफ जॅकेटं आहेत. ती सांभाळणं माझ्याकडे. चिखल लागला की धुवायची, सावलीत वाळवायची, उसवलेला पट्टा शिवायचा. हे काम मला आवडतं, कारण त्यात कोणाशी बोलावं लागत नाही.

माझी सून नाकाडोंगरीकडची. जंगलातली पोर, एवढं पाणी तिनं पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी तिला जॅकेट बांधून दिलं तर म्हणाली, "आई, हे तरते का खरंच?"

"तरते," मी म्हटलं. मी कधी पाहिलं नव्हतं.

नावेच्या फळ्या ओल्या असतात. म्हणून बाया जॅकेट घालायच्या नाहीत, त्यावर बसायच्या. मीही बसायची. एकटी सून घालायची, तर तिला चिडवायच्या, "काहून वो, लग्नातला शालू आहे का? उतरवतच नाई!"

एकदा वाळत घालताना तिचं जॅकेट हाताला पातळ लागलं. ती येण्याआधी कितीतरी रोवण्यांना बाया त्यावर बसल्या असतील. आतला फोम भाकरीसारखा चपटा झालेला. मनात पाल चुकचुकली.

घाटावर मालक जाळं धूत होते. मी तेच जॅकेट घातलं, पट्टे आवळले आणि लुगड्यासकट पाण्यात उतरले.

"आंघोळीले जॅकेट कायले वो?" ते हसले.

छातीएवढ्या पाण्यात मी पाय उचलले. जॅकेटानं मला धरलं नाही. नाकातोंडात पाणी गेलं. पाय टेकवून उभी राहिले तेव्हा मालक हसत नव्हते.

मग बाकीची एकेक घालून पाहिली. घाटावर माणसं गोळा झाली. मी मान वर केली नाही. पाच बाद निघाली. ती मी विळ्यानं फाडली, कोणी चुकून घालू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया काठावर जमल्या. मालक म्हणाले, "तूच सांग. पाण्यात तू उतरली होती."

माझे कान तापले. "जॅकेटावर बसू नका. घाला. जितकी जॅकेटं, तितक्याच बाया."

"अगे माय, इले तोंड आहे वो!" एक म्हातारी म्हणाली. सगळ्या हसल्या. "मंग बसू कायच्यावर?"

तनस, म्हणजे धानाचा पेंढा, भरलेली पोती मी पुढे केली.

"अन् दोन फेऱ्यात उशीर झाला तं शेतवाला बोलन. त्याले तू सांगशीन?"

"सांगीन," मी म्हटलं. कसं सांगणार होते, मलाच ठाऊक नव्हतं.

सहा बाया गेल्या. सातवं जॅकेट मालकांनी घातलं. सून आणि मी दुसऱ्या फेरीला थांबलो. नाव जॅकेटं घेऊन परत आली, तसे मी तिच्या जॅकेटाचे पट्टे आवळले.

"आई, हे तरते का?" तिनं पुन्हा विचारलं.

"तरते," मी म्हटलं. "काल हेच घालून पाय उचलले होते. यानं धरलं मला."