भिकुबाईचा पापड आणि बर्फाची लादी

मागच्या दसऱ्याच्या सुमारास मेहरूणमध्ये बातमी फिरत होती, की भिकुबाई चंद्रावर जाणाऱ्या लोकांचे कपडे शिवते.

बातमी निघाली दूध घालणाऱ्या बेबाबाईच्या तोंडून, म्हणजे तिच्यात थोडं पाणी असणार हे सगळ्यांनीच धरलं होतं. पण बेबाबाईचंही फार चुकलं नव्हतं. सकाळी सहाला तिने भिकुबाईच्या गच्चीकडे मान वर केली, तर दोरीवर ओळीने वीस माणसं लटकलेली. फुगलेले हात, फुगलेले पाय, अंग चकचकीत निळं-नारिंगी आणि डोकं एकालाही नाही. "माय वं!" म्हणत तिने कॅन तिथेच टेकवला. बातमी दुसऱ्या गल्लीत पोचली तेव्हा दिल्लीहून साहेब येऊन मापं घेऊन गेले होते. चौथ्या गल्लीत तर खुद्द भिकुबाईलाच वर नेणार होते. बटण तुटलं तर तिथे लावणार कोण?

खरी गोष्ट एवढीच, की ते कपडे बर्फावर घसरणाऱ्यांचे होते. पायाला लांब पट्ट्या बांधून डोंगरावरून बर्फात सुटायचं, त्याला स्कीइंग म्हणतात. भिकुबाई त्याला घसरगुंडी म्हणते आणि आपण त्यात काही सुधारणा करू नये, कारण तिने बर्फ आयुष्यात फक्त उसाच्या रसात पाहिला होता.

भिकुबाई लोटन पाटील, वय बावन्न, माहेर एरंडोलकडचं. सव्वीस वर्षं पायमशीनवर गोधड्या, उशा आणि शाळेची दप्तरं शिवली. नवरा लोटनभाऊ, जिनिंगमध्ये कापसात जन्म काढून घरी बसलेला. एकुलती एक मुलगी सुलक्षणा. ही पोरगी कॉलेजच्या सहलीबरोबर हिमालयात गेली, बर्फावर पडली, उठली, पुन्हा पडली आणि आता मला इथेच राहायचं म्हणाली. मेमध्ये जिथे डांबर चपलेला चिकटतं तिथली मुलगी मनालीच्या वर नेगी नावाच्या माणसाच्या दुकानात स्कीचं सामान भाड्याने द्यायला लागली. हंगाम संपला की त्या सुटांची दशा होते. गुडघे फाटलेले, चेन अडकलेल्या, शिवणी उसवलेल्या. डिसेंबरच्या मध्याला नवा हंगाम सुरू व्हायच्या आत ते सगळे धडके व्हावे लागतात. एकदा दिल्लीच्या दुरुस्तीवाल्याने दगा दिला तेव्हा सुलक्षणा छाती काढून म्हणाली, "मेरी माँ करेगी."

तिच्या आईने केलं. कसं केलं ते आता ऐका.

दोन वर्षांपूर्वी वीस सूट आले. भिकुबाईने पहिला उसवला आणि आतला पांढरा, चपटा, जाळीसारखा थर दोन बोटांत धरून नवऱ्याला दाखवला.

"हाई काय शे? ह्यानी थंडी जाई का?"

लोटनभाऊंनी तो उजेडात धरला, हुंगला, आणि एखाद्याचा नापास पेपर परत करावा तसा परत केला. "प्लास्टिक शे. बिचारा लोके कुडकुडत व्हतीन."

खानदेशात माणूस कुडकुडतोय म्हटल्यावर उपाय एकच असतो. लोटनभाऊंनी जिनिंगमधून निवडक कापूस आणला. भिकुबाईने तो वीसही सुटांत ठासला, वरून गोधडीसारखे टाके घातले. सूट असे गुबगुबीत झाले की नुसते जमिनीवर ठेवले तरी बसलेले वाटायचे. दोघांनी त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतला. खानदेशचा कापूस हिमालयात जाणार होता.

गेला. आणि जानेवारीत पाणी प्यायला. बर्फात पडलेल्या माणसाच्या अंगाखाली बर्फ वितळतो, कापूस तो शोषतो आणि मग सोडतच नाही. अहमदाबादच्या एक बाई उतारावर बसल्या त्या उठेनात. दोन जणांनी हात धरून ओढलं तेव्हा बाई वर आल्या आणि विजार खाली राहायला निघाली. नेगीने फोन केला. त्याचा आवाज असा, जणू घशात खडीचा ट्रक रिकामा होतोय: "माताजी, ये सूट है कि रजाई?"

हंगाम संपल्यावर वीसही सूट परत आले. फोनवर सुलक्षणा चिडली नाही, रडली नाही. "जाऊ दे आई," एवढंच म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर भिकुबाईने चार परत दिल्या असत्या. पण हे 'जाऊ दे' तिच्या मनात टाचणीसारखं राहिलं. पुढे दुसऱ्याच कुणाकडून कळलं, की दुकानातले सगळे आता सुलक्षणाला 'रजाईवाली' म्हणतात. त्या दिवशी भिकुबाईने स्वतःहून नेगीला फोन लावला. ती हिंदी बोलते तेव्हा प्रत्येक शब्दाला आधी कुंकू लावते, मग बाहेर सोडते. "नेगीभाऊ, मेरी गलती थी. लडकी की नहीं. एक मौका दो."

खडीचा ट्रक आधी गुरगुरला. मग म्हणाला, "एक सूट बनाओ. सूखा रहा तो चालीस आपके. गीला हुआ तो सीधा दिल्ली. और माताजी, फिर मत पूछना."

तर बेबाबाईने पाहिले ते हे वीस. कापूस आतच होता. उन्हात पुरता वाळवून तो काढायचा होता.

लोटनभाऊंना कापूस काढणं म्हणजे घरातलं माणूस काढण्यासारखं वाटलं. "आते कापूस वाईट व्हयना का?"

"कापूस वाईट नही शे. बर्फ वाईट शे," भिकुबाई म्हणाली आणि कात्री चालवली.

लोटनभाऊ दोन दिवस जेवताना भाजी मागेनात. तिसऱ्या दिवशी सुरतेहून त्याच पांढऱ्या थराचे, म्हणजे फायबरचे, गठ्ठे आले, आणि थर कुठे जाड कुठे पातळ पडतोय हे पाहून त्यांना राहवेना. "बाजूले सर, तुले नही जमाव," म्हणून ते स्वतः मांडी घालून बसले. तीस वर्षांचा कापसाचा हात, फायबरवरही तसाच फिरला.

भिकुबाईने एक सूट टाका-टाका उसवून फरशीवर मांडला होता, आणि रोज त्याच्यासमोर बसून तो वाचावा तसा पाहत होती. तेव्हा तिला कळलं, की ऊब फायबरची असते, पण पाणी अडवते ती शिवणीमागची चिकटपट्टी. सुईने पाडलेल्या प्रत्येक भोकावर ती आतून इस्त्रीने बसवायची. इस्त्री गरम झाली की पट्टी वितळते, गार राहिली की सुटते. तीन बाह्या जळाल्या. चौथी बसली. नव्या सुटाच्या सगळ्या शिवणी तिने बोटाने चाचपून बंद केल्या.

पण सूट कोरडा राहतो हे इथे, ऑक्टोबरच्या घामात, कळणार कसं? वर पाठवून ओला निघाला, तर दुसरी संधी नव्हती. म्हणून एका सकाळी भिकुबाई सूट पिशवीत घालून प्रकाशचंद शेठच्या बर्फाच्या कारखान्यात गेली. शेठ म्हणजे माझे आजोबा. त्यांचं प्रत्येक वाक्य एकाच फाटकातून बाहेर पडतं.

"मूळ मुद्दा असा की बाई, आम्ही लादी विकतो. बसायला देत नाही."

"मग विकत द्या ना शेठ. माझी लादी. मी बसेन नाहीतर तिचा गोळा करून खाईन."

मूळ मुद्दाच संपला. शेठनी लादी तर दिलीच, वर अंगावर शाल घेऊन थंड खोलीच्या दारात खुर्चीही टाकली, आपल्यासाठी.

आत ओलावा शिरला की नाही हे पाहायला भिकुबाईने यंत्र आणलं होतं. चुलीवर भाजलेला उडदाचा पापड. त्याचे तीन तुकडे करून एक छातीच्या आतल्या खिशात, एक खांद्याच्या अस्तरात, एक मांडीशी ठेवला. "हवा जराशी दमट व्हयनी तरी पापड मऊ पडस," ती म्हणाली. "माले दुसरं यंत्र कसाले?"

फोन खोक्याला टेकवला. त्यात सुलक्षणा आणि तिच्या मागे नेगी, दोघं लोकरीच्या टोप्यांत. लादीवर दोन तास कोरडा राहिला तरी मान्य, असं नेगीने कबूल केलं होतं. इकडे भिकुबाई निळ्या सुटात लादीवर अशी बसली, जणू वरमाय. दर दहा मिनिटांनी लोटनभाऊंनी डोक्यावरून तांब्याभर पाणी ओतायचं. बत्तीस वर्षांच्या संसारात असं काम त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि ते सातव्या मिनिटालाच तांब्या उचलत.

"दहा व्हयनात का?" भिकुबाई ओरडायची.

"मनं घड्याळ पुढे शे."

इथे मी तोंड घातलं. मी प्रियल, शेठची नात, आणि मला वाटलं आपल्याला विज्ञान येतं. म्हटलं, "काकू, दोन तास? तासाभरात उठाल. आणि नाही उठलात तरी पापडाचा लगदा होणार."

"लाव पैज," काकू दात न वाजवता म्हणाल्या. "हारशी तं हाऊ सूट घालशी. हातमोजा, टोपी, गॉगल, बठ्ठं. आन भर दुपारनं मेहरूणना तलावले एक फेरी मारशी."

"आणि तुम्ही हरलात तर?"

"मी हारनू तं मनी पोर हारनी," त्या म्हणाल्या. मग मी पैजेसाठी हात पुढे केला.

तास गेला. काकू उठल्या नाहीत. दीड तासाने लादीला त्यांच्या आकाराची खोलगट बैठक पडली, आणि त्याच वेळी, त्यांनीच नंतर सांगितलं, डाव्या खांद्याला काहीतरी गार लागलं. पाणी, की नुसती भीती? ती शिवण जळालेल्या तिसऱ्या बाहीनंतरची, घाईत बसवलेली. काकूंनी चेहरा हलू दिला नाही. फोनमध्ये सुलक्षणा एकटक पाहत होती. तिला दिसू नये म्हणून काकूंनी मुद्दाम लोटनभाऊंना दटावलं, "हात दुखस का? घाल ना पानी!" आणि उरलेली तीस मिनिटं डावा खांदा वर धरून बसल्या.

दोन तास झाले. काकू उठल्या. सुटावरून पाणी असं घरंगळलं, की खाली एक थेंब थांबला नाही. त्यांनी चेन उघडली आणि आधी खांद्याच्याच अस्तरात हात घातला. सगळ्यांत भीतीचा तुकडा सगळ्यांत पहिला. तो बाहेर काढून थेट फोनसमोर धरला आणि मोडला.

कड्.

त्या गार खोलीत तो आवाज भिंतीवर आपटून परत आला. मग छातीचा. कड्. मांडीचा. कड्. तिसरा मोडून काकूंनी तोंडातच टाकला.

वरच्या ट्रकाने खडी ओतली. "माताजी... ये पापड आप चालीसों सूट में रखके भेजेंगी क्या?"

"पापड का अलग लगेगा," काकू म्हणाल्या.

नेगी असा हसला की फोन खोक्यावरून घसरला. उलट्या पडलेल्या फोनमधून सुलक्षणाचा आवाज येत होता, दुकानातल्या कुणाला तरी ओरडून सांगणारा: "सुना? सबने सुना? रजाईवाली की माँ!" लोटनभाऊंनी रिकामा तांब्या डोक्यावर ठेवला आणि शेठसमोर एक गिरकी घेतली. आजोबांनी शाल सावरत फर्मावलं, "मूळ मुद्दा असा की, लादीचे पैसे घेऊ नका."

ते वीस आणि नेगीने पाठवलेले आणखी वीस, असे चाळीस सूट नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रवाना झाले. नमुन्याचा निळा सूट मात्र त्याआधी एक दिवस मेहरूणमध्येच राहिला, माझ्या अंगात.

दुपारचा एक. ऊन बत्तीस. हातमोजे, टोपी, गॉगल, बठ्ठं. पहिल्या वळणापर्यंत सूट आतून ओला झाला, आणि तो काकूंचा दोष नव्हता. मागे काकू छत्री घेऊन आरामात चालत होत्या. मी गॉगलमधून विचारलं, "काकू, अर्धी फेरी चालेल का?"

"बठ्ठी," काकू म्हणाल्या. "आन टोपीले हात कसाले लावस?"