मार्जिन सव्वा इंच

आम्ही तिघं भेटलो की आधी चहा, मग एकमेकांच्या सुटलेल्या पोटांची चौकशी, आणि मग गाडी हमखास कॉलेजच्या मॅथ्स कॉम्प्युटर लॅबवर येते. पनवेलच्या त्या लॅबमध्ये गणित किती शिकलो ते सोडा, पण किस्से इतके साचलेत की विचारू नका. बहुतेकांत गाढव मीच, त्यामुळे सांगायचा मानही माझाच.

तिघं म्हणजे इम्तियाज, घरत आणि मी. इम्तियाजला गणित यायचं, सुकापूरच्या घरतला प्रोग्रॅम लिहिता यायचा आणि मला रिपोर्ट सजवता यायचा. शेवटच्या वर्षाला मी एकदा आपटलो होतो. बाबांनी निक्षून सांगितलं होतं, "या खेपेला प्रॅक्टिकल गेलं तर सरळ न्हावा शेवा. काकाच्या कंटेनर यार्डात उभा राहा उन्हात." ते यार्ड मी बघितलं होतं. मी खरंच घाबरलो होतो.

आमच्या केणी मॅडम रिपोर्ट वाचत नसत, मोजत असत. पर्समध्ये स्टीलची पट्टी. डावीकडे मार्जिन सव्वा इंच, हेडिंग मध्यभागी, खाली दुहेरी रेघ. घरतचा प्रोग्रॅम फर्स्टक्लास चालला, पण हेडिंग जरा डावीकडे सरकलं म्हणून रिपोर्ट परत. माझं उत्तर साफ चुकलेलं, तरी लाल पेनाने 'गुड'. घरत म्हणाला, "मॅडम, त्याचा आन्सरच बरोबर नाय." मॅडम म्हणाल्या, "पण बघ किती नीट लिहिलंय."

रिपोर्टचा साचा फिजिक्सवाल्यांकडून उचललेला. त्यामुळे 'साहित्य' हा मथळा सक्तीचा. गणिताला साहित्य काय लागणार? घरतने मला विचारलं, "साहित्यात काय लिवू?" मी साहेबी थाटात सांगितलं, "कॉम्प्युटर, खुर्ची, पंखा." त्याने बिचाऱ्याने लिहिलं, मीही लिहिलं. मॅडमनी दोघांचा पंखा खोडला. म्हणाल्या, "तो बंद आहे ना? मग तो वापरला कसा?"

पण माझा खरा पराक्रम म्हणजे इम्तियाजचा तक्ता. दोनाचं वर्गमूळ काढायचं प्रॅक्टिकल होतं. आधी एक अंदाज धरायचा, चूक किती ते बघायचं, सुधारायचं, पुन्हा बघायचं. तक्त्यातल्या प्रत्येक ओळीत उत्तर आधीपेक्षा जास्त बरोबर येत जातं. त्याने आकडे दिले, मी नवीन पनवेलच्या सायबर कॅफेत बसून टाइप केले. दशांश चिन्हानंतरची ती शेपटं चौकटीबाहेर लोंबत होती. मी ती छाटून टाकली. तक्ता असा देखणा झाला म्हणता! फक्त खालच्या सगळ्या ओळींत एकच आकडा, एक पूर्णांक चार.

इम्तियाजने खालच्या ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "या अल्लाह, सगळी मेहनत शेपटात होती रे." त्यानंतर ती पद्धत त्याने मला किती वेळा समजावली असेल! मी दर वेळी मान डोलावली आणि दर वेळी डोकं कोरं.

आणि परीक्षेला माझ्या वाट्याला नेमकी तीच आली.

बाहेरून आलेले परीक्षक उंच, शांत, अर्ध्या बाह्यांचा शर्ट. मी स्लाइड्स केल्या होत्या. प्रत्येक अक्षर उडत येऊन बसायचं, सोबत टाइपरायटरचा आवाज. नुसतं शीर्षक बसेपर्यंत सरांनी दोनदा घड्याळ बघितलं. आता पहिलं समीकरण येणार, तेवढ्यात लोडशेडिंग. स्क्रीन काळी.

"हरकत नाही," सर म्हणाले, "फळ्यावर सांगा."

डोळ्यांसमोर कंटेनर तरळले. मी खडू घेतला आणि, देवाशप्पथ सांगतो, आधी डावीकडे मार्जिन आखली. मग हेडिंग. मग खाली दुहेरी रेघ. मागे घरतने कपाळावर हात मारून घेतल्याचा आवाज मला ऐकू आला.

"रेघा पुरे," सर म्हणाले. "सूत्र येतं?"

"नाही सर."

"मग पद्धत तरी सांगा. तुमच्या शब्दांत."

माझे शब्द म्हणजे काय, मला एकच गोष्ट ठाऊक होती. मी म्हणालो, "सर, कॅफेत प्रिंट काढतो ना, तसं. आधी अंदाजाने मार्जिन ठेवायची. प्रिंट काढायची. पट्टीने बघायचं किती चुकली. तेवढी सरकवायची, पुन्हा प्रिंट. दर वेळी चूक कमी होते."

सर पुढे वाकले. "आणि थांबायचं कधी?"

"मॅडमच्या पट्टीला चूक दिसेनाशी झाली की, सर."

"आणि समजा, ती दिसतच राहिली तर?"

"मग कागद संपला की."

सर खो खो हसत सुटले. हसता हसताच त्यांनी माझ्या नावापुढे मार्क टाकले, खाली सही ठोकली आणि म्हणाले, "मॅडम, पास आहे हा. याला पद्धत समजलीय."

केणी मॅडम फळ्याकडे बघत होत्या.

"ते ठीक आहे हो, सर," त्या म्हणाल्या, "पण हेडिंग मध्यभागी नाहीये."