शेडग्यानं नेलेली माझी जर्सी

हुकूम सकाळी सहाला आला. गोदावरीला पूर आहे, आदिलाबाद जिल्ह्यात जायचं आहे, नऊला गाड्या सुटतील. मी तेव्हा पलटणीत सिपाही होतो. माझं गाव त्याच जिल्ह्यात, मुधोळजवळ. घराजवळ ड्यूटी लागली की माणसाला सण वाटते. मला नाही वाटला. कारण माझ्या सेक्शनमध्ये लान्स नाईक नामदेव शेडगे होता, आणि गाडीत तो माझ्याच बाजूला बसला होता. माझ्याच पाण्याच्या बाटलीतून पाणी पीत.

शेडगे साताऱ्याकडचा. अंगानं दांडगा, कामात एक नंबर, आणि हाताचा चोर. चोर म्हटलं की बाकीचे हसायचे. म्हणायचे, आपलाच माणूस आहे, वापरलं तर काय झालं. ज्याचं जाते त्यालाच कळते. साबण माझा, ब्लेड माझं, बुटाचं पॉलिश माझं. किट इन्स्पेक्शनच्या दिवशी सगळं सामान चादरीवर ओळीनं मांडावं लागते. माझ्या चादरीवर मगाची जागा रिकामी. माझा मग त्याच्या चादरीवर. सजा मला. त्याच्यापायी तीन वेळा एक्स्ट्रा ड्यूटी केली मी.

एकदा विचारलं, "काऊन घेतला बे माझा टॉवेल?"

"आरं, दोरीवर वाळत हुता."

"अन् तुझा कुठं आहे?"

"त्यो वला हाय की."

अशा माणसाला काय बोलावं.

मंचेरियलच्या खाली, नदीकाठच्या एका शाळेत आमचा कॅम्प लागला. चारला उठायचं, पाचला बोटी पाण्यात. दिवसभर माणसं काढायची, बकऱ्या काढायच्या. संध्याकाळी ओले कपडे वर्गात दोरीवर टाकायचे.

तिसऱ्या दिवशी माझा साळा ट्रकमध्ये बसून कॅम्पवर आला. माझ्या बायकोनं, शेवंतानं, डबा पाठवला होता. तीळ लावलेले धपाटे आणि जवसाची चटणी. आठ महिने झाले होते तिच्या हातचं खाऊन. मी साळ्याला गेटपर्यंत सोडून आलो. दहा मिनिटं लागली असतील. येऊन पाहतो तर शेडगे डबा मांडीवर घेऊन बसलेला. एक धपाटा उरला होता. तोही अर्धा.

"वहिनीच्या हाताला चव हाय," तो म्हणाला. "कारळं वाईच जास्त भाजलंय."

"ते कारळं नाही, जवस आहे, मुडद्या!"

"आसं व्हय. मग बराबर हाय."

मी तसाच हवालदारसाहेबांकडं गेलो. ते नकाशा पाहून राह्यले होते. मान वर न करता म्हणाले, "मारोती, गावंच्या गावं पाण्यात आहेत. तू धपाट्याची कंप्लेंट घेऊन आलास?"

त्या संध्याकाळी मी मार्किंगची शाई काढली. फौजेत सामानावर फक्त नंबर टाकतात. नाव, गाव लिहायचं नाही, हे रंगरूट असताना पहिल्याच आठवड्यात शिकवतात. नंबर ऑफिसला कळतो, आणि घरी काय कळवायचं ते ऑफिस कळवते. मला हे ठाऊक होतं. पण डोकं फिरलं होतं. माझ्या लोकरी जर्सीच्या कॉलरमध्ये, आतून, मोठ्या अक्षरात लिहिलं: मारोती, अमुक गाव, तालुका मुधोळ. म्हटलं आता नेऊन दाखव.

दुसऱ्या दिवशी पहाटे जर्सी दोरीवर नव्हती. शेडगे ती घालून पहिल्या बोटीत निघून गेला होता. त्याची जर्सी ओली होती म्हणे. मी बनियनवर कुडकुडत वायरलेस सेटवर बसलो.

नऊ चाळीसला आवाज आला. टायगर म्हणजे आम्ही, कॅम्पचा सेट.

"टायगर, बोट वन. दोर बाभळीत अडकला. बोट कलते आहे. सिव्हिलियन पाच. ओव्हर."

"वन, टायगर. थांबा. दुसरी बोट येते. ओव्हर."

"टाइम नाही. शेडगे दोर कापायला उतरतो आहे. ओव्हर."

मी विचारलं, "त्याच्या अंगात अजून जर्सी आहे काय? ओव्हर."

"उतरला तो. आऊट."

लोकरीची जर्सी पाण्यात धोंड्यासारखी जड होते. नंतर सगळे म्हणाले, मारोतीला त्याच्या जिवाची काळजी होती. खरं सांगतो, मला जर्सीचा राग होता.

नऊ सेहेचाळीसला बोट सुटली. पाचही माणसं काठाला लागली. शेडगे वर आला नाही. अंधार पडेपर्यंत शोधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, खूप खाली, कोळी लोकांना तो सापडला. रस्ते तुटलेले, तिकडं फौजेचं कोणी नव्हतं. तिथला गिरदावर, म्हंजे महसुलाचा माणूस, पहिले मुधोळला नोकरी करून गेलेला. त्यानं कॉलर उलटून वाचली. आपल्या मुधोळचा माणूस आहे म्हणून कळवळला, आणि फौजेला कळवायच्या आधी मुधोळच्या ऑफिसात फोन केला. भल्यासाठीच केला. नंबर कोणी वाचलाच नाही. नाव इतकं साफ लिहिलं होतं.

दुपारी चारला माझ्या घरी मी मेल्याची बातमी पोचली. तेव्हा मी नदीकाठी खिचडी खात होतो.

आम्हाला संध्याकाळी समजलं. मेजरसाहेबांनी बोलावलं. "मारोती, घर जाओ. शकल दिखाओ. चौबीस घंटे."

दुसऱ्या दिवशी अकराला मी दारात उभा राह्यलो. अंगण माणसांनी भरलेलं. एक म्हातारी मला पाहून किंचाळली. शेवंता भिंतीला टेकून बसली होती. हात रिकामे, कपाळ पुसलेलं. ती उठली. माझं कोपर घट्ट धरलं, इतकं की नखं रुतली. रडली नाही.

"मंग तो कोन होता?"

"शेडगे. तुझे धपाटे खाल्ले तो."

"बायको आहे त्याले?"

"आहे. साताऱ्याकडं. तार आज जाईल."

माझी माय म्हणाली, "कासाराले बोलवा, पोरीचे हात भरा. नवरा जिवंत असून उघडे हात बरे दिसत नाहीत."

"नाही भरत," शेवंता म्हणाली. "तिच्या वाटणीचं रडनं मी सुरू केलं. आता मधातच सोडू? तेरा दिवस होऊ द्या त्याचे."

"नवरा समोर उभा आहे, अन् परक्याचं सुतक धरतं व पोरी?"

"परका कायचा? माह्या हातचं जेवला तो."

मी पण ओरडलो. म्हटलं, चोर होता तो, माहं सगळं सामान नेलं त्यानं. ती म्हणाली, "नेलं असंल. तुमी नाव लिवलं काऊन?"

संध्याकाळी कॅम्पला परत निघालो. ती तेरा दिवस तशीच राह्यली, गोड खाल्लं नाही, हात भरले नाहीत. गावातल्या बाया तोंडावर पदर धरून हसल्या. हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावलं नाही. साबण नेला, मग नेला, जर्सी नेली, आणि जाता जाता माझ्या बायकोचे तेरा दिवसही शेडग्या घेऊन गेला.

चौकशीत विचारलं, नाव-गाव कोणी लिहिलं. मी म्हटलं, मी. सजा झाली नाही. झाली असती तर बरं झालं असतं.

लान्स नाईक नामदेव शेडगे ड्यूटीवर गेला. पाच माणसं काढून गेला. चोर होता, हेही लिहून ठेवतो. नाही लिहिलं तर तो दुसराच कोणी होईल.

शेवंता जाऊन सात महिने झाले. पोरी आपापल्या घरी आहेत. आता घरात चष्मा, काठी, तांब्या, जे जिथं ठेवतो ते तिथंच सापडते. सकाळी ठेवलं, संध्याकाळी तिथंच. कोणी उचलत नाही.