भानूची गोष्ट कुठे ठेवायची

वामनराव गावंडे अमरावतीच्या एका शाळेत मराठी शिकवत. मुलं पाठीमागे त्यांना 'तळटीप' म्हणत. हे त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. माणूस प्रस्तावनेत खोटं बोलतो, तळटिपेत बोलू शकत नाही, असं त्यांचं मत होतं. असा माणूस चंद्र-मंगळाच्या वाटेला जावा असं काही नव्हतं. पण मैत्री कुठेही नेते.

मित्र म्हणजे खुशालराव ढोरे. अकोल्याच्या शाळेत शास्त्र शिकवणारे. दिवाळी अंकांत केसांच्या तेलाची जाहिरात आणि प्रेमकथा यांच्यामध्ये जी जागा उरे, तिथे खुशालरावांची यानं उडत. वाचक ती पानं उलटून प्रेमकथेकडे जात. खुशालरावांना त्याचं काही नव्हतं. "चंद्रावर गर्दी नसलेलीच बरी," ते म्हणत.

बासष्ट साली खुशालराव वारले. त्यांच्या सगळ्या कथा एका ग्रंथात आणायच्या, त्याही लिहिल्या त्या क्रमाने, टिपांसकट, असं वामनरावांनी ठरवलं. लेखक कसा वाढत गेला ते दिसलं पाहिजे. ग्रंथ छापणार होते अकोल्याचे पुंजाराम राऊत. यातल्या बऱ्याच कथा त्यांच्याच दिवाळी अंकात आल्या होत्या.

"मास्तर, लोकाइले आंदी जिलबी वाढा, मंग वरण," पुंजाराम म्हणाले. "मंगळाची गोष्ट पयली टाका."

"पंगतीत आधी वरणच येतं, पुंजारामजी."

"मंग तुमच्या पंगतीले कोनी बसनार नाई."

हस्तलिखितं राहिली नव्हती. म्हणून रविवारी वामनराव बडनेऱ्याला गाडी धरून अकोल्याला जात आणि खुशालरावांच्या पत्नीसमोर, दुर्गाबाईंसमोर, पेन उघडून बसत. खुशालराव प्रत्येक नवी गोष्ट आधी घरात वाचून दाखवत, त्यामुळे क्रम ठाऊक असलेलं माणूस तेवढं एकच.

"वहिनी, ही मंगळाची कधीची?"

"थे? ज्या साली लोणचं नासलं त्या साली लिवली. मी म्हनलं, इथं आंब्याचं वाटोळं झालं अन् तुमी मंगळावर जाऊन राह्यले."

कुठली गोष्ट गाय व्याली तेव्हाची, कुठली न्हाणीघराची भिंत पडली तेव्हाची. वामनराव गाय आणि लोणचं यांवरून साल काढत. विद्यापीठांत असं संशोधन होत नाही. होत असलं तर ते सांगत नाहीत.

शेवटी आली 'भानूचा आवाज'. शाळकरी भानू यानात बसून चंद्राकडे जातो. घरी बाप रेडिओला कान लावून बसलेला असतो, आणि पोराचा आवाज बारीक बारीक होत जातो. एवढीच गोष्ट. खुशालरावांच्या एकुलत्या एक मुलाचं नाव चंद्रभान, घरात भानू. पंचावन्नच्या दिवाळीला महिना झाला नव्हता, तेव्हा तो तापाने गेला. वामनराव मातीला गेले होते. त्या पोराबद्दल त्यांनी नंतर कधी काही विचारलं नव्हतं. पुंजारामांच्या ज्या अंकात ही गोष्ट होती, त्याच्या मुखपृष्ठावर पणती होती आणि 'दिवाळी १९५५' असं ठसठशीत छापलं होतं. वामनरावांनी टिपेत तेच घातलं, 'दिवाळी १९५५', म्हणजे मृत्यूच्या आधी.

दुर्गाबाईंनी ती ओळ वाचली आणि पहिल्यांदाच त्यांना लोणचं आठवलं नाही.

"थे गोष्ट भानू गेल्यावर लिवली. माघात. तसं छापा."

"वहिनी, अंकावर दिवाळी आहे."

"अंकावर काहीबी राह्यते. कवा काढला होता, पुंजारामभाऊले इचारा." त्यांनी टिपेचा कागद दूर सारला. "जमुनाच्या घरी बारसं होतं. सगळ्या बायांसमोर मले म्हने, बाई, तुमच्या मास्तरले सांगजा बरं, माह्या लेकराचं नाव कोन्या गोष्टीत घालू नका म्हना. हासल्या सगळ्या. तवापासून मी कोनाच्या पाळण्यापाशी गेली नाई, भाऊजी. बापानं लिवलं अन् पोरगं गेलं म्हन्तात."

जमुना म्हणजे त्यांची धाकटी जाऊ.

वामनराव दुसऱ्याच रविवारी छापखान्यात गेले. पुंजाराम आधी भडकले.

"दिवाळी अंक दिवाळीलेच काढा असा सरकारी हुकूम हाये काय? कापसाचा हंगाम होता. जिनिंगवाल्याइच्या पावत्या छापू का तुमचा चंद्र? माघात निंगाला अंक."

दुसऱ्याच्या दिरंगाईने वामनरावांना आयुष्यात प्रथमच आनंद झाला. ते उठले.

"बसा, मास्तर." पुंजाराम खाली बघत होते. "अंक माघात निंगाला हे खरं. पन त्या गोष्टीचा फर्मा पोयाच्या आंदीच, पोरगं हिंडत-फिरत होतं तवाच छापून, गठ्ठा बांधून ठेवला होता मी. पोरगं गेल्यावर खुशालराव आले. इथंच उभे राह्यले. म्हने, थे गोष्ट काढून टाका. मी म्हनलं, छापला कागद वाया गेला तं नवा तुमी देता काय?"

"मग?"

"मंग काई नाई. निंगून गेले."

ग्रहणात राहू सूर्य गिळत नाही, हे दाखवायला जो माणूस अख्खा वर्ग गच्चीवर नेत असे, त्याने त्यानंतर एकही गोष्ट लिहिली नाही. का, हे वामनरावांनी इतकी वर्षं विचारलं नव्हतं. आता विचारायची गरज राहिली नव्हती.

दुर्गाबाईंकडे न जाता त्यांनी गाडी धरली. पुढच्या खेपेला ते छापखान्यात आले ते नवा क्रम घेऊनच. लेखनाचा क्रम रद्द. कथा आता जशा प्रसिद्ध झाल्या तशा. 'भानूचा आवाज' सगळ्यांत शेवटी.

"अर्धा ग्रंथ जुळून झाला ना मास्तर! एका गोष्टीपायी सगळंच मागंपुढं?"

"एका गोष्टीसाठी नियम बदलला तर ती लबाडी. सगळ्यांसाठी बदलला तर ती पद्धत."

पुंजारामांनी खिळे जुळवणाऱ्यांना हाक मारली आणि जुळलेली पानं सोडायला लावली. कागदाचा विषय या वेळी त्यांनी काढला नाही.

लोणच्याचं संशोधन वाया गेलं. नव्या क्रमात एका कथेत यंत्र व्याख्यान देतं आणि पुढच्या कथेत त्याला वाचा फुटते. ग्रंथ सहासष्टला निघाला, तेव्हा नागपूरच्या एका परीक्षकाने लिहिलं, संपादकाला कालक्रमाचं भान नाही. वामनरावांनी ते कापून वहीत चिकटवलं.

त्याआधीच पहिली प्रत ते दुर्गाबाईंना द्यायला गेले होते. त्यांनी शेवटची कथा काढली आणि खालच्या टिपेवर बोट ठेवून सावकाश वाचलं: 'अंकावर दिवाळी असे छापले असले तरी प्रसिद्धी माघात.' त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

"अन् लिवली कवा, थे नाई घातलं?"

"या ग्रंथात ते कुठल्याच कथेचं घातलेलं नाही, वहिनी."

दुर्गाबाईंनी मान हलवली. पुस्तक पदराने पुसलं.

"उद्या जमुनाच्या नातवाचं बारसं हाये. हे घेऊन जाईन. वाचनार तं कोनी नाई. पन हाती राहीन." त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं आणि खिडकीकडे पाहिलं. "भानूले लय आवडली होती थे गोष्ट. दोनदा वाचून घेतली त्यानं बापाकडून. म्हने, बाबा, आवाज एकदम बंद नका करू, हळूहळू करा."

दुर्गाबाई आठवण सांगू लागल्या की वामनरावांचा हात सवयीने पेनकडे जाई. आताही गेला होता, टोपणही निघालं होतं. ते त्यांनी परत लावलं आणि पेन खिशात ठेवलं.