वासुकीच्या हातातल्या त्रेचाळीस बांगड्या

वासुकी लग्न होऊन आली तेव्हा दोन महिने मी तिला मुकीच समजत होते. पापनाशमच्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट. सकाळी सव्वाआठची बस, संध्याकाळी सहाला परत, आली की पाय धुवून थेट स्वयंपाकघरात. तिरुवैयारूची पोर, आई लहानपणीच गेलेली. विचारल्याशिवाय बोलायची नाही आणि विचारलं तर जेवढ्यास तेवढं. ती मला फार आवडायची असं नाही. पण या घरात बाकीच्यांची तोंडं दिवसभर चालू असतात, त्यात हे एक बंद होतं, एवढं बरं वाटायचं.

घर माझ्या थोरल्या भावाचं, वेंकटरावाचं. मी अंबुजा. सरकारी इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात एकतीस वर्षं सिस्टर होते. नवरा जाऊन बावीस वर्षं झाली, मूलबाळ नाही, आता माडीवरच्या खोलीत असते. खाली राज्य वेंकूवहिनींचं, म्हणजे माझ्या भावजयीचं. आपले पूर्वज राजाबरोबर तंजावरला आले याचा बाईंना भारी तोरा. कोण आले, कशाला आले विचारा, काही ठाऊक नाही. घोड्यांना दाणा घालायला आले असतील बहुतेक. प्रणवेश हा त्यांचा एकुलता एक लेक, वासुकीचा नवरा. ओरत्तनाडूला वीज मंडळात आहे. आईसमोर त्याची वीज कायम गेलेली.

वासुकीला दिवस गेले आणि वहिनींना काम मिळालं. पहिले तीन महिने पोरगी ओकून ओकून अर्धी झाली, तेव्हा कुणाला तिच्याकडे बघायचं सुचलं नाही. चौथ्यात ओकाऱ्या थांबल्या, भूक सुटली, केस दाट झाले, तोंडावर तेज आलं, तेव्हा मात्र वहिनी पुढे. बेंबीखाली काळी रेघ उमटली, तर म्हणे मुलगा. गालांवर काळसर डाग आले, तर म्हणे मुलगीच. मग केशर घातलेलं दूध सुरू केलं, म्हणजे जे काही होईल ते गोरं तरी होईल. नाक चोंदलं, दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं, त्यालाही त्यांच्याकडे काही ना काही अर्थ होताच. एकतीस वर्षं मी हेच बघितलं होतं. रक्त वाढतं, अंग पाणी धरतं, हिरड्या फुगतात. पण मला विचारतंय कोण?

स्वभाव तर पार पालटला. जी पोर मोजून बोलायची ती सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी भांडून आली. फूलवालीनं शेवटचा गजरा दुसऱ्या बाईला दिला म्हणून बस स्टँडवर उभी राहून रडली. कचेरीत एक दस्त दोनदा टाइप केला आणि साहेबानं विचारलं तर त्यालाच डोळे वटारले. मला रडक्या बायकांचा तिटकारा आहे. वॉर्डात असताना मी त्यांना दम देऊन गप्प करायची. हिलाही दिला असता.

पण पाचव्या महिन्यात एका रविवारी ती जिना चढून माझ्या खोलीत आली. दारातच उभी राहून म्हणाली, "आत्या, पोटात काहीतरी फडफडतं. गॅस असेल का?"

मी तिला पलंगावर निजवलं, हात ठेवला. बाहेरून हाताला लागावं इतकं ते मोठं नव्हतंच. तरी ठेवला. म्हटलं, "गॅस नाही. बाळ आहे. ते कधी फडफडतं तेवढं ध्यानात ठेव." ती हसली. त्या दिवसापासून ती रोज वर यायला लागली. पोटरीत गोळे येतात, काय करू? कुशीवर निजू की उताणी? स्वप्नात बाळ बसमध्ये विसरून उतरते, हे वाईट का? मी सगळं सांगायची. तिला आई नव्हती, मला मूल नव्हतं, असलं गोडगोड मी मनातसुद्धा बोलले नाही. पण सहा वाजले की माझे कान जिन्याकडे लागायचे, हे खरं आहे.

सातवा लागला. आडी महिना, म्हणजे इकडे शुभकार्याला वर्ज्य, तो सुरू व्हायच्या आत वळैकाप्पु उरकायचं ठरलं. गर्भारणीच्या हातात बांगड्या भरायचा हा सोहळा, आम्ही मराठी म्हणवणारेही त्याला तमिळ नावानंच ओळखतो. काचेच्या बांगड्या, एका हातात एकवीस, दुसऱ्यात बावीस, आणि बाळंत होईपर्यंत काढायच्या नाहीत. भरायच्या लेकुरवाळ्या सवाष्णींनी. सकाळी वहिनी मला म्हणाल्या, "अंबुजा, तू आपली आत सोहळ्याच्या पाच तऱ्हांच्या भातांकडे बघ. बायका यायला लागल्यात." त्यांच्या प्रणवेशाला या जगात ओढून आणलं ते माझ्या हातांनी. त्या हातांना बांगडी भरायची बंदी, चिंचेचा भात कालवायची परवानगी.

मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. घसरू नयेत म्हणून वहिनींनी बांगड्या एक माप लहान आणलेल्या. साबण चोळचोळून त्या चढवत होत्या आणि जमलेल्या बायका म्हणत होत्या, बघा कसं अंग भरलंय. अंग भरलं नव्हतं. बोटांचे सांधे दिसेनासे झाले होते, अंगठी मांसात रुतली होती, पापण्या सुजल्या होत्या. आठवड्यापूर्वी हे नव्हतं. ही सूज चढलेल्या रक्तदाबाची असू शकते हे मला तिथल्या तिथे कळलं.

थोड्या वेळानं वासुकी पाणी प्यायला आत आली. हळूच म्हणाली, "आत्या, बोटं बधिर होतात आणि कालपासून डोकं फार दुखतंय. हे असं होतं का?"

मी तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या सासूला विचार. त्यांना सगळं कळतं."

ती पेला ठेवून बाहेर गेली.

पुढे काय झालं ते ऐका. तिची तपासणीची तारीख आली, तर त्या दिवशी अष्टमी. वहिनी म्हणाल्या, अष्टमीला कुणी डॉक्टरकडे जातं का? दुसऱ्या दिवशी नवमी, तीही वर्ज्य. मग रविवार. मग दृष्ट लागली असेल म्हणून मिरच्या-मीठ ओवाळून झालं आणि चार दिवस उंबरा ओलांडायचा नाही असा हुकूम निघाला. कचेरीतून रजा घेतलेलीच होती. वेंकटराव पेपर वाचत होता. प्रणवेश म्हणाला, "अम्मा म्हणते तर राहू दे." असल्या माणसांना काय म्हणावं?

आणि मी वर बसून होते. कपाटात माझं रक्तदाब मोजायचं यंत्र होतं. खाली उतरायला चौदा पायऱ्या. मी उतरले नाही. यांची फजिती होऊ दे, डॉक्टरनं चारचौघांत यांना झापू दे, मग येतील माडी चढून, असं मला वाटत होतं. वासुकीचं वाईट व्हावं असं कधीच वाटलं नाही. पण जी फजिती मला हवी होती ती तिच्याच अंगावरून जाणार होती, आणि हे मला ठाऊक होतं.

वळैकाप्पूनंतर अकराव्या दिवशी सकाळी खालून वहिनींचा आवाज आला, "अगं, सांबार ताटाबाहेर काय ओततेस?" आणि वासुकीचा, "डोळ्यांपुढे ठिणग्या दिसतात हो." तेव्हा मी यंत्र घेऊन उतरले. एकशेसत्तरावर एकशेदहा. पुन्हा मोजलं, तेच. प्रणवेशला म्हटलं, रिक्षा बोलाव. तिच्या मनगटांकडे बघितलं तर बांगड्या कातडीत रुतून मधली मधली सूज वर आली होती. तिथे सुई टोचायलाही जागा नव्हती. तेल लावलं, साबण लावला, एक हलेना.

"पक्कड आण," मी म्हटलं.

वहिनी दारात आडव्या झाल्या. "विधवेच्या हातानं भरल्या पोटीच्या बांगड्या फोडायच्या? माझ्या घरात?"

प्रणवेशनं आईकडे बघितलं नाही. कामाच्या पिशवीतून पक्कड काढून माझ्या हातात ठेवली. आयुष्यात तेवढं एक काम त्यानं न विचारता केलं. मी मनगटाखाली टॉवेल धरला आणि एकेक करून त्रेचाळीस फोडल्या. दोन ठिकाणी रक्त आलं. वासुकी ओरडली नाही, फक्त माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

इस्पितळात इंजेक्शनं, औषधं, अंधाऱ्या खोलीत झोपणं. तिसऱ्या दिवशी दाब जरा उतरला. मी उशाशी बसले होते. ती म्हणाली, "आत्या, त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं."

विचारलं नव्हतं तिनं, सांगितलं होतं. मी "हो" म्हटलं.

"मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

चार आठवडे तिथेच ठेवली. मग पोट फाडून मुलगी काढली, दीड किलोची. काचेच्या पेटीत तीन आठवडे होती. जगली. दोघी जगल्या. वहिनी आता गावभर सांगत फिरतात, आमच्या अंबुजामुळे सून वाचली. बारशाला त्यांनी मला पुढे बसवलं, सवाष्णींच्या रांगेत, आणि पोर पहिल्यांदा माझ्या मांडीवर दिली. बावीस वर्षं ज्यासाठी जळत होते ते असं आयतं मिळालं. वासुकी समोरच होती. ती एका शब्दानं काही बोलली नाही, आजवर कुणाजवळ बोललेली नाही. मीही बोलले नाही. या घरातल्या माणसांना मी जन्मभर नावं ठेवली, आणि त्यांना निदान कळत तरी नव्हतं.

पोर आता पाच महिन्यांची आहे. तिला सर्दी झाली, शी पातळ झाली, की वासुकी इस्पितळातल्या हरिता नावाच्या नर्सला फोन लावते. कालची पोरगी ती, नोकरीला दोन वर्षंही झाली नसतील. जिन्याखाली उभी राहून वासुकी तिला हळू आवाजात एकेक गोष्ट विचारते. वर मला सगळं ऐकू येतं.