मिलिंदनं सांभाळलेली चार चाकं

आज दुपारी मिलिंदची मुलगी घरी आली. मिलिंद गेल्या महिन्यात वारला, हे मला तिच्याकडूनच कळलं. तिनं रुमालात बांधलेली चार लोखंडी चाकं माझ्या हातात ठेवली.

मित्रांनो, विद्यापीठाच्या नामांतराच्या दिवसांत आम्ही दोघं औरंगाबादेत, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होतो. अमेरिकेतल्या मिठाच्या मैदानावर वेगाचा विक्रम करणाऱ्या पिकअप गाडीचा फोटो मासिकात पाहिला आणि तिचं वीतभर मॉडेल करायला घेतलं. बॉडी माझ्याकडं, चाकं त्याच्याकडं. दर रविवारी तो माझ्या खोलीवर यायचा. "मागचा हौदा झाकून टाक, नायतर वारा भरंल," म्हणायचा. जणू ती खरंच पळणार होती.

त्याच्या घरावर निळा झेंडा होता. शहर पेटलं, तसे आमच्या गल्लीतले लोक त्याच्याकडं रोखून बघू लागले. मी भ्यालो. म्हणालो, "काही दिवस येऊ नको."

"बरं. बोलाव मग," एवढंच तो म्हणाला.

मी बोलावलं नाही. आधी भीती होती, नंतर लाज. तो राहायचा तो उस्मानपुरा माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे.

मुलगी म्हणाली, "गंजू नयेत म्हणून पप्पा दर पावसाळ्यात तेल लावायचे. देऊन येऊ का म्हटलं, तर म्हणायचे, त्यानं बोलावलं नाय अजून."

ती गेल्यावर माळ्यावरून गाडी काढली. चाकं बसवली. एकालाही कानस लावावी लागली नाही.

तुम्हीही कुणाला 'काही दिवस' म्हणाला आहात का? तो माणूस अजून असेल, तर आज बोलवा.